हिराबायचा गेरू

दवाखान्यात डॉक्टरबाई हिराबायला विचारायच्या, "आज कोणता मासा?" बाहेर बाकावर बसलेल्यांना वाटायचं, आत मासळीचा भाव चाललाय. एकदा शेजारी बसलेल्या एका बाईने मला हळूच विचारलंसुद्धा, की इथे पापलेट मिळतं का. मी नाही म्हटलं. पण मग कोणता मासा म्हणजे काय, हे तिला कसं सांगावं ते मला सुचलं नाही. मला पटकन बोलता येत नाही. म्हणून आता बसून लिहितेय.

हिराबायचं घर आणि आमचं घर दांडी गावात एकाच आळीत. मधे फक्त पाण्याचा नळ. ती सत्तरीची असावी. नवरा होडीवर होता, तो वारून बरीच वर्षं झाली. मुलगा आणि सून सुनीता, दोघंही तारापूरच्या कारखान्यांत कामाला जातात. हिराबाय मात्र पहिल्यापासून मासळीची. सकाळी पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात, आणि बोंबलाचा हंगाम असला की दुपारपासून किनाऱ्यावर. आमच्याकडे किनाऱ्यावर बांबू रोवून, दोऱ्या ताणून मोठे मांडव घालतात, त्यांना वलांडी म्हणतात. ओल्या बोंबलांची दोन-दोन तोंडं एकमेकांत अडकवायची आणि ती जोडी दोरीवर टाकायची. हात वर करून करून खांदे भरून येतात. हिराबाय हे काम गप्पा मारत, न बघता करायची. तरण्या सुना मागे राहिल्या की म्हणायची, "बोंबील वाळत घालताय की त्यांचं लगीन लावताय?"

बाजारात तिची वेगळीच भाषा असे. बोईसरला गिऱ्हाईक सगळीकडचं, कारखान्यातले कामगार बरेचसे हिंदी बोलणारे. कोणी मासा दाबून बघू लागला की ती म्हणायची, "ए भाऊ, आँख से देखो. मच्छी हाय, भेंडी नाय." भाव फार पाडणाऱ्याला ती साहेब म्हणायची. साहेब म्हटलं की माणूस लाजून घेऊन टाकतो, असा तिचा अनुभव होता.

पण गावात हिराबायचं नाव घेतलं जायचं ते मासळीसाठी नाही, गेरूसाठी. कोणाला नागीण झाली, म्हणजे अंगावर एका बाजूला आग होणाऱ्या फोडांची रांग उठली, की त्याला तिच्याकडे आणायचे. कुंभवलीहून, तारापूरहून रिक्षा करून लोक यायचे. ती सहाणेवर तांदळाच्या धुवणात गेरूचा खडा उगाळायची आणि बोटाने फोडांवर लेप द्यायची. मग रांगेच्या दोन्ही टोकांना एकेक आडवी जाड रेघ ओढायची. नागिणीचं तोंड आणि शेपूट कमरेभोवती फिरून एकत्र आलं तर माणूस वाचत नाही, असं आमच्याकडे सगळे मानतात. ती रेघ म्हणजे कुंपण. "हितून पुढे जायचं नाय," असं ती फोडांना दटावून सांगायची. वर पथ्य. सुकी मासळी नाही, वांगं नाही, आंबट नाही. पैसे घ्यायची नाही. बरं वाटल्यावर एक नारळ आणायचा, तो ती तिथेच फोडून आळीतल्या पोरांना वाटायची. आम्ही लहान असताना कोणाला नागीण झाली की आम्हाला आनंद व्हायचा. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तसं होतं खरं.

आणि लोकांना बरं वाटायचंच. फोड सुकायचे, खपल्या पडायच्या, नारळ यायचा. ज्यांना नंतरही दुखत राही, त्यांना हिराबाय एकच विचारायची, "काय खाल्लंस?"

गेल्या वर्षी पावसात होड्या वर ओढलेल्या होत्या तेव्हा तिला स्वतःलाच नागीण झाली. डाव्या बाजूला, काखेखालून छातीकडे. तिने कोणाला सांगितलं नाही. आरशात बघून स्वतःच गेरू लावला, दोन्ही टोकांना रेघा मारल्या. सुनीताने दवाखान्याचं नाव काढलं तर हसली. "माज्याकडे अख्खा तालुका येतो, नि मी जाऊ दुसरीकडे?" फोड सुकले. तिने स्वतःच्या नावाचा नारळ स्वतःच फोडला, आम्हाला खोबरं दिलं. आम्हाला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. कातडी बरी झाली आणि दुखणं आत राहिलं. मी तोवर असं दुखणं पाहिलं नव्हतं. मार लागलेला नाही, सूज नाही, आणि पदराचा काठ लागला तरी बाई कळवळते. पोलकं घालता येईना म्हणून सुनीताने जुन्या गाऊनची डावी बाजू काखेपासून कापून दिली. तो उघडा गाऊन उजव्या हाताने अंगापासून दूर धरून ती बसायची. डावा हात वर जाईना. डावीकडून कोणी जवळ आलं की दचकायची. सगळ्यात वाईट म्हणजे वारा. समुद्रावरून वारा आला की तिला आग लागल्यासारखं व्हायचं. तिने समुद्राकडची खिडकी लावून घेतली आणि फटीत कापड कोंबलं. आमच्या आळीत ती खिडकी बंद असलेली मी कधी बघितली नव्हती.

ती पथ्य कडक करत गेली. आधी सुकं सोडलं, मग ताजी मासळीही. मग ताक, मग डाळ. "कायतरी चुकलं असेल माजं," एवढंच म्हणायची. पेज आणि मीठ, एवढ्यावर आली. अंगावरचं मांस उतरलं, झोप लागेना, बोलणं कमी झालं. दिवाळीनंतर किनाऱ्यावर वलांड्या उभ्या राहिल्या, ओल्या बोंबलाच्या पाट्या उतरू लागल्या, आणि हिराबाय घराबाहेर आली नाही. तेव्हा लोकांना कळलं की ही गोष्ट साधी नाही. तिची दोरी कोणाला द्यायची, अशी चर्चा बायकांत सुरू झाली. ते तिच्या कानावर गेलं. ती सुनीताला म्हणाली, "दोरी दुसरीला दिली तर मी संपले म्हणून समज." आणि मग स्वतःच म्हणाली, "ने कुठे न्यायचं ते."

सुनीताला सारख्या सुट्ट्या मिळत नसत. दवाखाना बोईसरला, आणि माझं कॉलेजही तिथेच. घरात कॉलेजपर्यंत गेलेली मी पहिली, म्हणून आळीतली दवाखान्याची, बँकेची कामं माझ्याकडे येतात. खरं तर मलाही तिथे गेल्यावर घाबरायला होतं, पण हे कोणाला पटत नाही. रिक्षात हिराबाय डाव्या कडेला बसली, हात बाहेर काढून, म्हणजे कोणी टेकायला नको.

डॉक्टरबाई तरुण होत्या, विदर्भाकडच्या, मासे न खाणाऱ्या. त्यांनी कापसाचा बोळा हलकेच फिरवून कुठे कुठे दुखतं ते पाहिलं. साखर तपासायला सांगितली. झोप, जेवण, फोड उठल्यावर काय काय केलं, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "आजी, एक ते दहा असे आकडे धरा. दहा म्हणजे सहन होणार नाही एवढं. किती दुखतं?"

"आकडे मना बाजारात लागतात. दुकण्याला आकडा कसा लावू?"

"मग कसं सांगाल?"

हिराबाय म्हणाली, "कदी पाकट असतंय, कदी शिंगाळा."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी चाचरत सांगितलं, पाकटाच्या शेपटीचा काटा लागला तर माणूस लोळतो, शिंगाळ्याचा काटा लागला तर हात खांद्यापर्यंत ठणकतो. त्याखाली कोळंबीच्या डोक्याचा काटा, मग मांदेली.

"आणि सगळ्यात खाली?"

"बोंबील," हिराबाय म्हणाली. "त्याला काटा हाय पण तो मऊ. खाताना कळत पण नाय."

"ठीक आहे. मी तुम्हाला पाकटापासून मांदेलीपर्यंत आणायचा प्रयत्न करते. बोंबलाचं वचन देत नाही."

मग त्यांनी समजावून सांगितलं. लहानपणी कांजिण्या झाल्या, त्याचे जंतू नसेच्या मुळाशी झोपून राहतात. वय झालं, अंगातली ताकद कमी झाली की एखाद्या नसेतून वर येतात, तीच नागीण. फोड उठल्यावर दोन-तीन दिवसांत औषध सुरू झालं तर ते जंतू आवरतात, नसेची खराबी कमी होते. ती वेळ गेली. आता नस दुखावलेली आहे. जाळ्याचा दोर घासून आतले धागे उघडे पडावेत तशी, हे उदाहरण हिराबायनेच दिलं आणि डॉक्टरबाईंना आवडलं. वय जास्त, फोड जास्त उठलेले, दुखणं काही महिन्यांचं जुनं, या गोष्टी तिच्या विरुद्ध होत्या. साखर ठीक निघाली, ही एक चांगली. "बाकीच्या गोष्टी तुमच्या हातात आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गोळी रोज घेणं, पोटभर जेवणं, झोपणं, चालणं. आणि अर्धं दुखणं गेलं तरी ते यश समजणं."

"अर्ध्या भावात मी मासापण देत नाय."

"मी देते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "माझ्याकडे सुरुवात तिथूनच होते."

उठता उठता हिराबायने विचारलं, "बाय, मी तोंडाला नि शेपटाला रेघ मारते, म्हणून ती फिरत नाय ना?"

डॉक्टरबाईंना हिच्या गेरूबद्दल एव्हाना कळलं होतं. "आजी, ती एकाच बाजूच्या नसेतून येते. सहसा शरीराच्या मध्यावर येऊन थांबते. रेघ मारली तरी आणि नाही मारली तरी."

रिक्षात बसल्यावर हिराबाय म्हणाली, "म्हंजे ती थांबलेलीच होती. मी तिच्या फुडे रेघ मारून लोकांना सांगत होते, बगा, थांबवली."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "गेरूने कोणाचं वाईट तर झालं नाही ना."

"झालं नाय?" ती म्हणाली. "मी बसवून ठेवले त्यांना, पोरी. वेळ गेली म्हणाली ना ती?"

औषध लगेच लागू पडलं असं नाही. थोड्या गोळीने सुरुवात, आणि हळूहळू वाढवायची, असं होतं. गेरूचा हिशोब तिच्या डोक्यात पक्का बसलेला: लेप दिला, खपली पडली, नारळ. गोळीने आठवड्यात काही झालं नाही, उलट चक्कर आली. "होडीत पाय न ठेवता मना होडी लागली," म्हणायची. पुढे जरा बरं वाटलं तशी तिने गोळी आपणहून बंद केली. दुखणं परत पाकटावर गेलं. ती पुन्हा त्या बंद खिडकीशी जाऊन बसली आणि म्हणाली, "माजं वय झालंय. तिला तसं सांग."

मी डॉक्टरबाईंना फोनवर तसंच सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "त्यांना फोन द्या," म्हणाल्या. मग हिराबाय बराच वेळ फक्त हं, हं करत होती. त्यांनी गोळीची वेळ बदलली, सकाळची कमी करून झोपायच्या आधीची ठेवली. वरून लावायचं मलमही देते म्हणाल्या. त्यात मिरचीतलं तिखट असतं, थोडं चुरचुरेल, पण नस शांत होते. फोन ठेवल्यावर हिराबायचे डोळे पहिल्यांदा पहिल्यासारखे चमकले. "मिरचीच ना? ती घरात हाय की." सुनीता धावत स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. त्या दिवसापासून घरचा मसाला काही दिवस आमच्याकडे ठेवायला होता.

पण गोळीपेक्षा मोठी भांडणं जेवणावरून झाली. पथ्य सोडायला ती तयार नव्हती. पथ्य सोडणं म्हणजे इतकी वर्षं जे सांगितलं ते खोटं म्हणणं. डॉक्टरबाईंनी तिला एकदा सरळ विचारलं, "सुकट खाऊन नस दुखते असं कोण म्हणालं?"

"मीच."

"मग तुम्हीच सांगा आता, खा म्हणून."

घरी आल्यावर तिने सुनीताकडे सुकट भाजायला मागितली. तव्यावरचा वास आमच्या घरापर्यंत आला. तिने एक घास खाल्ला, थोडा वेळ वाट पाहिली, मग पूर्ण भाकर खाल्ली. आणि ताट बाजूला सारून म्हणाली, "मना काशिनाथकडे जायचंय."

काशिनाथ नाना आमच्या आळीच्या टोकाला राहतात. हिराबायपेक्षा मोठे. त्यांना पूर्वी कमरेला नागीण झाली होती. गेरू लावला, फोड गेले, दुखणं राहिलं. तेव्हाही हिराबायने विचारलं होतं, काय खाल्लंस. नाना काही खाल्लं नाही म्हणत राहिले, पण कोणी ऐकलं नाही. त्यांच्या बायकोनेसुद्धा नाही. म्हातारा चोरून वांगं खातो, म्हणून दुखतं, ही गावात थट्टा झाली होती. लग्नात जेवायला बसले की कोणीतरी वांग्याची भाजी पुढे करायचंच.

हिराबाय त्या दिवशी कित्येक दिवसांनी घराबाहेर पडली. मी उजवीकडून चालत होते. वाऱ्याची बाजू तिने हाताने झाकली होती. नाना ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसले होते.

"काय हिरे, जिवंत हायस?" नाना म्हणाले.

"हाय. तुमी वांगं खाल्लं नव्हतं."

नानांनी जाळं खाली ठेवलं. "मी तेच सांगत होतो."

"मना आता कळलं. मी पण नव्हतं खाल्लं काय."

नानांनी तिच्या कापलेल्या गाऊनकडे बघितलं. मग घरात बघून मोठ्याने म्हणाले, "ऐकलंस काय गे? ये भायेर, ऐक." त्यांची बायको दारात आली. हिराबायने तेच पुन्हा सांगितलं, आळीला ऐकू जाईल अशा आवाजात. बाजारात ती ज्या आवाजात ओरडायची, तो आवाज मी खूप दिवसांनी ऐकला. मग ती नानांना म्हणाली, "उद्या चला माज्यासंगं. बरं होईल असं नाय सांगत. अर्धं होतं म्हणते ती बाय."

नानांचं दुखणं फार जुनं झालं होतं. डॉक्टरबाईंनी तेही न लपवता सांगितलं, जितकी वर्षं जास्त तितकं औषधाला जड. पाकटाचा शिंगाळा झाला, त्यापुढे अजून सरकलं नाही. पण नाना झोपू लागले. आणि वांग्याची थट्टा बंद झाली. माझ्या मते त्यातलं निम्मं औषध हे दुसरंच असावं. मी डॉक्टर नाही, पण मला तसं वाटतं.

हिराबायच्या दुखण्याला मात्र उतार पडू लागला. होळीच्या सुमाराला शिंगाळा, मग कोळंबी. अधूनमधून एखादा दिवस परत पाकटाचा यायचा. पण आता ती गोळी बंद करायची नाही, डॉक्टरबाईंना सांगायची, "आज जाळ्यात वाईट आलंय, उद्या बगू." सुनीता कारखान्याच्या पाळीवरून घरी आली की आधी गोळी आणि मग चहा, अशी सवय लागली. एके दिवशी हिराबाय पोलक्यात दिसली. डाव्या बाजूला सुनीताने आतून गुळगुळीत अस्तर लावलं होतं. आळीतल्या कोणीही त्याबद्दल एक शब्द काढला नाही, इतका सगळ्यांना आनंद झाला होता. पावसाळ्यात तिने खिडकीच्या फटीतलं कापड काढलं.

गेरू तिने टाकला नाही. काही जणांना तिचं हे नवं वागणं आवडलं नाही. शिकलेल्यांनी तुला फिरवली, असं एक बाई तिला तोंडावर म्हणाली, आणि म्हणताना माझ्याकडे बघितलं. हिराबाय म्हणाली, "मी फिरले नाय. मी आदी गेरू लावून घरी पाठवायची, आता दवाखान्यात पाठवते." तसंच आहे ते. कोणी आलं की ती खडा उगाळते. पण फोडांना बोट लावत नाही. मनगटावर एक रेघ ओढते, कारण आलेलं माणूस घाबरलेलं असतं. मग विचारते, "कदी उठले?" काय खाल्लंस, हे विचारत नाही. आणि रिक्षात बसवून देते. नारळ डॉक्टरबाईला द्यायचा, असंही सांगते. डॉक्टरबाईंच्या टेबलाखाली नारळ साठले की त्या माझ्याकडे देऊन परत पाठवतात, आणि आळीतल्या पोरांना खोबरं मिळतंच.

परवा मी कॉलेजला निघाले होते. नवीन हंगाम सुरू झालाय. किनाऱ्यावर वलांड्या उभ्या आहेत, बोंबील टाकायचं काम जोरात चाललेलं. मी बसलेली रिक्षा वाटेवर थांबली होती. कुंभवलीहून एक बाई आली, मानेपासून खांद्यापर्यंत फोडांची नुकती उठलेली रांग, डोळ्यांत पाणी. "हिराबाय कोण?" असं विचारत ती थेट वलांडीपाशी गेली. हिराबायने हात धुतले, कनवटीचा गेरू काढून तिच्या मनगटावर रेघ ओढली, दोन शब्द विचारले आणि तिचा हात धरून तिला रिक्षात माझ्या शेजारी आणून बसवलं.

"कालच उठलेत," ती मला म्हणाली. आवाजात जवळजवळ आनंद होता. "कालच. हिला डॉक्टरबाईकडे उतरव. मधे कुठे थांबू नको."

"तुला आज कोणता मासा?" मी विचारलं.

"मांदेली. कोणाला सांगू नको, सकाळी जरा वेळ बोंबील होता."

रिक्षा निघाली. वळणावर मी मागे बघितलं. ती परत दोरीखाली जाऊन उभी होती, दोन बोंबलांची तोंडं अडकवून, दोन्ही हात वर करून. समुद्रावरून भरपूर वारा येत होता. तिचा पदर उडून डाव्या अंगावर फडफडत होता, आणि तिने तो धरला नव्हता.